‘नाही’ म्हणायला किती जमीन लागते?

१४ जुलै १७८९. पॅरिसमध्ये लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला. आपण शाळेत घोकलेली फ्रेंच राज्यक्रांतीची तारीख ती हीच. त्या दिवशी सोळाव्या लुई राजाने आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला. त्याचा अर्थ : ‘काही नाही’. ह्या एका शब्दावरून बिचाऱ्याची दोनशे वर्षं टिंगल चालू आहे. राज्य बुडतंय आणि हा म्हणतो, काही नाही! पण ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. आज कुठे गेलो, काय मारलं, किती मारलं, ह्याचा हिशेब. त्या दिवशी शिकार झाली नाही, म्हणून ‘काही नाही’. आपण टाइमशीटमध्ये शून्य तास भरतो ना, अगदी तसंच.

खरी गंमत पुढे आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ ऑगस्टच्या रात्री, व्हर्सायला बसलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढायला सुरुवात केली, आणि पहिल्या फटक्यात जे हक्क गेले त्यांत शिकारीचा हक्क होता. भाकरी महाग, तिजोरी रिकामी, पॅरिस पेटलेलं, आणि ही मंडळी रात्री बसून ससे आणि कबुतरांवर ठराव करताहेत. का? ह्या ‘का’च्या मागे लागून गेले तीन शनिवार-रविवार गेले. हातात काय लागलं ते आज सांगतो.

पहिला प्रश्न साधाच : रानातला प्राणी कुणाचा? रोमन कायद्याचं उत्तर होतं, कुणाचाच नाही. जो धरेल त्याचा. सम्राट जस्टिनियनच्या काळात, सन ५३३ मध्ये, कायद्याचं जे पाठ्यपुस्तक तयार झालं त्यात हे स्वच्छ लिहिलंय. प्राणी स्वतःच्या जमिनीत धरलात की दुसऱ्याच्या, मालकीत फरक पडत नाही. लगेच पुढे एक पुस्ती मात्र जोडलेली आहे : जमिनीच्या मालकाला शिकारी येताना दिसला, तर तो त्याला आत यायला मनाई करू शकतो.

म्हणजे बघा, प्राणी कुणाचाच नाही, पण बांध मालकाचा. आमच्या भाषेत बोलायचं तर डेटा सगळ्यांना खुला, पण सर्व्हरवर लॉगिन कुणाला द्यायचं ते मालक ठरवणार. मग डेटा कुणाचा हा प्रश्न नावापुरता उरतो. शिकारीच्या कायद्यांचा पुढचा जवळजवळ सगळा इतिहास ह्या लॉगिनवरच्या भांडणाचा आहे. ‘माझ्या जमिनीत येऊ नका’ असं म्हणायचा अधिकार कुणाला आणि त्यासाठी अंगात काय असावं लागतं, ह्याचा.

इंग्लंडपासून सुरुवात करू, कारण कायद्याच्या भाषेत जास्तीत जास्त उघडपणे बोलायचं काम त्यांनीच केलंय.

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि त्याने मोठमोठे प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले. ‘फॉरेस्ट’ ह्या शब्दाचा अर्थ तेव्हा झाडांचं जंगल असा नव्हताच. जिथे राजाचा खास शिकारकायदा लागू, तो फॉरेस्ट. त्यात शेतं होती, गावं होती, लोकांच्या वाडवडिलांच्या जमिनी होत्या. जमीन तुमची, पण तिच्यात चरणारं हरीण राजाचं. त्याला हात लावलात तर हातपाय तोडण्यापासून जीव घेण्यापर्यंत शिक्षा. हे इतकं डाचलं की १२१७ मध्ये, मॅग्ना कार्टाच्या पाठोपाठ, फॉरेस्टसाठी वेगळी सनद काढावी लागली. हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही, हे त्यातलं एक कलम.

पुढे राजाची पकड ढिली झाली आणि जागा घेतली ती बड्या जमीनदारांनी. १६७१च्या कायद्यात त्यांनी शिकारीला पात्रतेची अट घातली. स्वतःच्या मालकीच्या जमिनीचं वर्षाला १०० पौंड उत्पन्न हवं. किंवा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर १५० पौंड. किंवा तुम्ही एस्क्वायर अथवा त्याहून वरच्या दर्जाच्या माणसाचे वारस मुलगे हवेत. प्रोग्रॅमर मंडळींनी शेवटचं कलम पुन्हा वाचावं. एस्क्वायरचा मुलगा पात्र, पण खुद्द एस्क्वायर? त्याचा उल्लेखच नाही! पुढे कोर्टाने तसाच शब्दशः अर्थ लावला : मुलगा शिकार करू शकतो, बापाकडे पुरेशी जमीन नसेल तर बापाने घरी बसावं. कोड रिव्ह्यू न करता लाइव्ह गेलं की असं होतं :)

विनोद सोडा. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोन ह्या कायदेपंडिताने ह्यावर एक हिशेब मांडला. संसदेवर आपल्या परगण्याचा प्रतिनिधी निवडून देण्यासाठी मतदाराला वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरे. तितर मारायला १०० पौंड. म्हणजे देशाचा कायदा कुणी करायचा हे ठरवायला जेवढी मालमत्ता लागते, त्याच्या पन्नासपट एका पाखरासाठी!

ह्याचा अर्थ शेतकऱ्याच्या बाजूने काय होतो? समजा तुमची वर्षाला ५० पौंडांची स्वतःची जमीन आहे. तुमच्या गव्हात ससे शिरलेत. ते तुम्ही मारलेत तर गुन्हा. शेजारचा १०० पौंडवाला साहेब मारू शकतो. तुमच्या परवानगीवाचून आत आला तर तुम्ही त्याच्यावर दावा लावू शकता, कागदावर. पण तुमची बंदूक, जाळं, कुत्रा जप्त करायला घराची झडती घेण्याचा अधिकार ह्याच कायद्याने त्याच्या रखवालदाराला दिलेला. असा दावा कोण लावणार? आणि लावलाच तर समोर न्यायाधीश म्हणून बसलेला तालुक्याचा मॅजिस्ट्रेट कोण? तोच, किंवा त्याच्याबरोबर शिकारीला जाणारा.

हा कायदा १८३१ पर्यंत टिकला. १६० वर्षं. मधल्या काळात त्याच्यावर आणखी थर चढले. १७२३चा ‘ब्लॅक ॲक्ट’ : तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन राखीव वनात फिरणाऱ्या टोळ्यांविरुद्ध म्हणून आणला आणि एकाच फटक्यात पन्नासेक गुन्ह्यांना फाशी लावली. त्यानंतर आल्या स्प्रिंग गन. रानात तार ताणून ठेवायची, पाय अडकला की बंदूक आपोआप उडते. गोळी काही विचारत नाही की तू हरीणचोर आहेस की सरपण वेचणारी म्हातारी. १८२० मध्ये अशा बंदुकीने जखमी झालेला एक माणूस कोर्टात गेला. तो रानात शिरला होता काजूबदामासारखी कवचाची रानफळं गोळा करायला. कोर्टाने भरपाई नाकारली. कारण काय, तर आत बंदुका लावल्यात हे त्याला ठाऊक होतं. ह्या निकालावर बरीच आरडाओरड झाली आणि १८२७ मध्ये स्प्रिंग गनवर बंदी आली.

१८३१ला पात्रतेची अट गेली. आता कुणीही फी भरून दाखला काढावा आणि शिकार करावी. गरिबांचा विजय? थांबा. नव्या व्यवस्थेत शिकारीचा हक्क जमिनीबरोबर गेला, आणि इंग्लंडची जमीन मूठभर जमीनदारांकडे होती. कूळ जमीन कसायला घेई तेव्हा करारातच कलम असे की शिकारीचा हक्क मालकाने राखून ठेवलाय. मालकाला मजेपुरते ससे मुबलक हवेत, ससे पीक खातात, आणि खंड मात्र कुळाने पूर्ण भरायचा. ही बोंब पन्नास वर्षं चालली. शेवटी १८८० मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने कायदा केला की जमीन कसणाऱ्याला ससे मारायचा हक्क आहे आणि कुठल्याही कराराने तो काढून घेता येणार नाही. त्याने सही करून सोडला तरी सुटणार नाही. आपल्याकडच्या कूळकायद्याची ज्यांच्या घरात चर्चा झालीय त्यांना ह्या शेवटच्या वाक्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुबळ्याला हक्क द्यायचा असेल तर तो त्याला विकताही येणार नाही असा द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच करारात तो गेलाच म्हणून समजा.

कोल्ह्याची गोष्ट निराळी. कोल्ह्यामागे तीसचाळीस घोडेस्वार आणि कुत्र्यांचा कळप धावतो तेव्हा बांध कोण बघतो? १७८६ मध्ये कोर्ट म्हणालं, कोल्हा उपद्रवी प्राणी, त्याला मारणं सगळ्यांच्या भल्याचं, सबब पाठलागात दुसऱ्याच्या शेतात गेलं तरी चालेल. १८०९ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सने शिकारी टोळी चालवणाऱ्या एका पाद्रीबुवावर दावा लावला, तेव्हा न्यायाधीश एलनबरो ह्यांनी मुद्द्याला हात घातला : तुम्ही कोल्हा मारायला गेलात की मजा मारायला? मजा असेल तर दुसऱ्याच्या शेतात शिरायचा हक्क नाही. १८७८च्या निकालाने ह्यावर शिक्का बसला.

पुढच्या शतकात लोकांनी ह्याच निकालाचा उपयोग नामी केला. शिकारविरोधी संस्थेने एक्समूरच्या माळरानावर जमिनीचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. शेती नाही, बांधकाम नाही. उद्देश एकच : इथे हरणामागे कुत्री घेऊन यायचं नाही. कुत्र्यांना सातबारा वाचता येत नाही, ती शिरायचीच. १९८५ मध्ये कोर्टाने ठरवलं की कुत्री आत शिरावीत असा शिकारप्रमुखाचा हेतू असेल, किंवा त्याने त्यांना आवरण्यात हयगय केली असेल, तर अतिक्रमणाची जबाबदारी त्याची. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनिशी शिकारीवर बंदी आली ती २००५ मध्ये. त्याआधी वीस वर्षं ‘ही जमीन माझी आहे’ एवढंच वाक्य हरणाच्या कामी येत होतं. अर्थात, ज्याच्याकडे जमीन विकत घ्यायला पैसे आहेत त्याने म्हटलेलं.

आता इंग्लंडला कंटाळून अटलांटिकपार गेलेल्यांनी काय केलं ते पाहा. त्यांनी डिफॉल्ट सेटिंगच उलटं करून टाकलं. १७७६ची पेनसिल्व्हेनियाची राज्यघटना म्हणते की रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर, हंगामात शिकार करायची मुभा आहे. पुढच्या वर्षी व्हरमाँटने तसंच कलम घातलं, ते आजही त्यांच्या घटनेत आहे. १८१८ मध्ये साउथ कॅरोलायनात एका मालकाने शिकाऱ्याला आधी बजावलं, तरी तो आला, म्हणून दावा लावला. कोर्ट म्हणालं, जमीन पडीक आणि बिनकुंपणाची आहे ना? मग तो येणार. मालकाला ‘नाही’ म्हणताच येत नाही.

ऐकायला केवढं लोकशाहीवादी! पण १८६५ नंतर दक्षिणेत काय झालं? गुलामगिरी संपली. मोकळे झालेले काळे लोक रानातून ससा-खार मारून, नदीतून मासे धरून पोट भरू शकत होते. ज्याचं पोट रानावर भरतं तो कापसाच्या मळ्यात पडेल त्या मजुरीवर कशाला येईल? मग ह्याच दक्षिणेतल्या विधिमंडळांनी एकापाठोपाठ एक अतिक्रमणाचे आणि शिकारीचे कायदे कडक केले. कुंपण नसलेल्या जमिनीतूनही बाहेर. मालकाचा ‘नाही’ इथे रान वाचवायला आला नव्हता, माणसं मळ्यात आणायला आला होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘माझी जमीन, माझी मर्जी’ हे वाक्य ऐकायला फार निरागस वाटतं.

आज तिथल्या अनेक राज्यांत शिकाऱ्याला रोखायचं तर मालकाने बांधावर पाट्या लावायच्या असतात. पाट्या चोरीला जातात, वाऱ्याने उडतात. त्यावर काही राज्यांनी तोडगा काढला : झाडांवर जांभळ्या रंगाचे पट्टे ओढा. टेक्सासमध्ये १९९७ पासून जांभळा पट्टा म्हणजे ‘आत येऊ नका’. रंगाचा डबा तेवढा मालकाच्या खर्चाने.

आता पुन्हा व्हर्सायला जाऊ. ४ ऑगस्ट १७८९. फ्रान्समध्ये शिकार हा सरदारांचा आणि राजाचा मक्ता. पॅरिसभोवती राजाच्या राखीव टापूंत शेतकऱ्याला पिकात शिरलेली हरणं, डुकरं हाकलायची चोरी. त्यातून सरदारांच्या गढीवरची कबुतरं. पेरलेलं बी ती वेचून खायची आणि शेतकऱ्याने दगडही मारायचा नाही. त्या वर्षी गावोगावाहून जी तक्रारींची गाऱ्हाणी सभेकडे आली त्यांत हा विषय पुन्हा पुन्हा येतो. आता तो ‘का’ सुटतो. तिजोरी रिकामी असणं ही राजाची अडचण होती. कबुतरं ही दर पेरणीला दिसणारी, डोळ्यांदेखत होणारी चोरी होती.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगतात. शार्त्रच्या बिशपने उठून शिकारीचा हक्क रद्द करायची सूचना मांडली. बिशपचं त्यात काय जात होतं? चिडलेला ड्यूक द्यु शातले शेजाऱ्याला म्हणे, हा माझी शिकार घेतो काय, मी ह्याचा दशमांश घेतो! आणि उठून चर्चला मिळणाऱ्या दशमांश कराविरुद्ध सूचना मांडली. दुसऱ्याच्या हक्कांवर उदार होण्याची अशी चढाओढ लागून सकाळपर्यंत सरंजामशाही संपत आली. ११ ऑगस्टच्या हुकुमात स्वच्छ लिहिलं गेलं : शिकारीचा खास हक्क रद्द, प्रत्येक मालकाला आपल्या जमिनीवरचे प्राणी मारण्याचा हक्क. वर्ष उलटायच्या आत, एप्रिल १७९० मध्ये, जोडकलम आलं : मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिकार करायची नाही. एका एकराच्या शेतकऱ्यालाही ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही मिळाले.

अडचण अशी की प्राण्याला एक एकर पुरत नाही. जर्मनीत १८४८च्या क्रांतीने हेच केलं आणि लहान लहान मालकांनी मिळून रान इतकं साफ केलं की प्रशियाने १८५० मध्ये नवा नियम आणला. सलग ३०० मॉर्गेन, म्हणजे साधारण ७५ हेक्टर, जमीन असेल तरच मालकाने स्वतंत्र शिकार करावी. बाकीच्यांच्या जमिनी एकत्र करून गावाचा एक शिकारपट्टा. आज जर्मनीच्या कायद्यातही सर्वसाधारण आकडा ७५ हेक्टरच आहे. दीडशेहून अधिक वर्षं, साम्राज्यं, महायुद्धं, फाळणी सगळं झालं, पण हा एक कॉन्स्टंट कुणी बदलला नाही.

फ्रान्समध्ये हे यायला १९६४ उजाडलं. दक्षिणेकडे रीत अशी पडली होती की मालक गप्प बसला म्हणजे त्याची संमती. सगळे सगळीकडे शिकार करत आणि रानात काही उरत नसे. वेर्देय नावाच्या सिनेटरने आणलेल्या कायद्याने गावोगाव शिकारसंघ स्थापले. २० हेक्टरांपेक्षा (काही भागांत त्याहून जास्त) कमी जमीन असलेल्यांची शेतं आपोआप संघाकडे गेली. घराभोवतीचे १५० मीटर तेवढे वगळले. मालक आपोआप संघाचा सभासद. बदल्यात त्याला सगळ्या गावच्या जमिनीत शिकार करायची मुभा. कायद्यामागचा हेतूही वाईट नव्हता : शिकार श्रीमंतांची मिरास होऊ नये, लहान माणसालाही बंदूक घेऊन फिरायला रान असावं.

आणि ज्या लहान माणसाला बंदूकच नको असेल त्याचं काय? हा प्रश्न स्पेसिफिकेशन लिहिताना कुणाला सुचला नव्हता.

दॉर्दोन्य भागातले काही छोटे शेतकरी शिकारीच्या विरोधात होते. प्राणी मारणं त्यांना पटत नव्हतं, बस. १९८५ मध्ये त्यांनी आपल्या जमिनीच्या कडेने पाट्या लावल्या : शिकारीला मनाई. संघ कोर्टात गेला आणि कोर्टाने पाट्या काढायचा हुकूम दिला. विचार करा. जमीन तुमची, कर तुम्ही भरता, १५० मीटरपलीकडे तुमच्याच शेतात दुसऱ्यांनी बंदुका घेऊन फिरायचं, तुम्ही स्वतः त्या संघाचे सभासद, आणि तुमची पाटी बेकायदा.

फ्रान्समधली सगळी कोर्टं हरून मंडळी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. ‘शास्सान्यू आणि इतर विरुद्ध फ्रान्स’. २९ एप्रिल १९९९ला निकाल लागला आणि ते जिंकले. न्यायालयाने तीन गोष्टी म्हटल्या. एक, आपल्या तत्त्वाच्या विरुद्ध आपली जमीन वापरू द्यायला लावणं हा मालमत्तेच्या हक्काचा भंग आहे. दोन, न पटणाऱ्या संघात जबरदस्तीने घालणं हा संघटनास्वातंत्र्याचा भंग आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मोठ्या मालकाला आपली जमीन संघातून बाहेर ठेवता येते आणि लहानाला येत नाही, हा भेदभाव आहे.

१०० पौंड. ३०० मॉर्गेन. २० हेक्टर. इतिहासातले हे तीनही नियम वेगवेगळ्या हेतूंनी आले. पहिला उघड उघड सरदारांसाठी, दुसरा रान राखण्यासाठी, तिसरा तर गरिबांच्या भल्यासाठी. पण तिन्ही नियमांत मोजपट्टी एकच आहे, आणि तिच्याखाली दरवेळी तोच माणूस येतो. ज्याची जमीन लहान त्याच्या मताला वजन नाही. आधी त्याला ‘मी मारतो’ म्हणू दिलं नाही, मग ‘मारू नका’ म्हणू दिलं नाही.

पुढे २००७ मध्ये लक्झेंबर्ग आणि २०१२ मध्ये जर्मनीही ह्याच मुद्द्यावर हरले. जर्मनीच्या खटल्यात आधी २०११ला निकाल सरकारच्या बाजूने गेला होता, तो मोठ्या खंडपीठाने फिरवला.

आता दुसरी बाजू, कारण तीही फालतू नाही. रानडुकराला हद्द कळत नाही. मधोमध एक शेत ‘अभय’ झालं की दिवसा डुकरं तिथे झोपतात आणि रात्री शेजाऱ्याचा मका फस्त करतात. तुमच्या तत्त्वाचं बिल शेजाऱ्याने का भरावं? म्हणून जर्मनीने २०१३ मध्ये सवलत देताना अटी घातल्या : जमीन शिकारीतून काढलीत तर आपल्या पिकाची नुकसानभरपाई मागता येणार नाही, वर शेजाऱ्यांच्या नुकसानीत वाटा उचलावा लागेल. फ्रान्समध्येही अशा मालकाला उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त स्वतः करावा लागतो. हे मला रास्त वाटतं. ‘नाही’ म्हणायला जमीन लागू नये, पण किंमत मोजायची तयारी लागावी.

२०१२ मध्येच दुसऱ्या एका फ्रेंच मालकाची तक्रार त्याच न्यायालयाने फेटाळली. त्याचा शिकारीला तात्त्विक विरोध नव्हता, त्याला फक्त आपली जमीन संघातून काढून घ्यायची होती. म्हणजे लहान मालकाचा ‘नाही’ ग्राह्य आहे तो मनापासून असेल तरच. मोठ्याला मात्र अजूनही कारण विचारत नाहीत. १९९९ला मोजपट्टी मोडली म्हणावं तर ती अशी अर्धीच मोडलीय.

आणि मोठ्यांच्या ‘नाही’चं पुढे काय होतं तेही पाहायला मिळतं. पॅरिसच्या दक्षिणेला सोलोन्य भागात श्रीमंत मालकांनी शेकडो एकरांना उंच जाळ्या घालून आत खाजगी शिकारखाने केले. बाहेरच्या माणसांना मनाई आणि आतल्या प्राण्यांना कैद. शेवटी फेब्रुवारी २०२३च्या कायद्याने अशा कुंपणांना मर्यादा घातली : उंची १.२ मीटरपेक्षा जास्त नको आणि खाली ३० सेंटिमीटर मोकळे, म्हणजे प्राण्यांना जाता-येता यावं.

आपल्याकडे हा प्रश्न पार उलटा बसतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती ह्यांनी शौकाची शिकार बंदच केली. रोमन ‘कुणाचाच नाही’ आपल्याकडे चालत नाही. मारलेला रानटी प्राणी सरकारची मालमत्ता. म्हणजे शिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायची गरजच उरली नाही, ते सरकारने आधीच सगळ्यांच्या वतीने म्हणून टाकलंय. शिल्लक आहे तो रोही आणि रानडुकराला ‘नाही’ म्हणायचा प्रश्न. पिकाची नासाडी करणाऱ्या ठरावीक प्राण्यांसाठी परवानगी मिळू शकते, भरपाईची योजनाही आहे, पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे चुकत नाहीत. आणि इथेही मोजपट्टी हजर. ज्याच्याकडे पैसा त्याचं सौरकुंपण. दोन एकरवाला रात्री मचाणावर बसून जागल करतो, डबे वाजवतो. शिकार परत सुरू करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मला पिंजऱ्याबाहेरचा वाघ आवडतो. पण शहरात राहून वाघ आवडणं फुकट आहे, आणि त्याचं बिल कुणाच्या पिकातून जातं हे अठराव्या शतकातल्या कबुतरांइतकंच स्पष्ट दिसतं.

असो. त्या दॉर्दोन्यच्या पाट्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. निकालानंतर फ्रान्सने जुलै २००० मध्ये कायदा बदलला. शिकारीला तात्त्विक विरोध असेल तर आता कितीही लहान जमीन संघातून काढता येते. ठरलेल्या मुदतीआधी अर्ज करायचा. आणि एक जबाबदारी मालकावर येते : जमिनीवर शिकारीला मनाई असल्याच्या पाट्या त्याने लावल्याच पाहिजेत. १९८५ मध्ये कोर्टाने काढायला लावलेली पाटी आज कायद्याने लावावी लागते.